बाईंचा झेड ड्राइव्ह

नर्सिंग कॉलेजात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कुठल्याही खोलीतून ती बाहेर पडली की खांद्यावर वायरींचं भेंडोळं असायचं, म्हणून ती केबल. प्राचार्यसुद्धा "केबलला बोलवा" म्हणायचे आणि मग जीभ चावायचे. साठेक कॉम्प्युटर, तीन रडके प्रिंटर आणि मुलींच्या अभ्यासाची वेबसाइट, एवढा सगळा संसार तिच्या एकटीच्या गळ्यात होता.

सात नंबरच्या खोलीत बाई बसायच्या. कॉलेजात शिकवणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. पंचवीस वर्षं वॉर्डात काढून मग शिकवायला आल्या होत्या, आणि विषय एकच, जखमांची निगा. हात चालायचे तशीच जीभही चालायची. एखादीने सैल पट्टी बांधली की ती सोडून चारदा बांधायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, "ही पट्टी नाही गं, पार्सल झालं. पत्ता लिही आणि पोस्टात टाक." मुली घाबरायच्या, पण बाईंच्या वर्गाला दांडी कुणी मारत नसे.

नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरी होती ती नणंद. तिचंही मागेपुढे कुणी नव्हतं. दोघी दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि एकमेकींवाचून जेवायच्या नाहीत.

अकरा वर्षांत बाईंनी त्या वेबसाइटवर आपला विषय रचत आणला होता. जखमांचे फोटो, औषधांचे तक्ते, स्वतःच्या आवाजातल्या सूचना. काम चोख, पण ते तिथे चढवणं म्हणजे डोक्याला ताप. एक फाइल निवडा, चढवा, थांबा, मग ती मुलींना दिसू द्यायची म्हणून आणखी एक बटण दाबा. एकदा चाळीस फोटो चढवताना एकविसाव्याला सगळं बंद पडलं, तेव्हा बाईंनी केबलला बोलावून घेतलं.

"अगं, एक फोटो चढवायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात मी पेशंटची पाठ पुसून चादर बदलते. ह्याला काही औषध आहे की नाही?"

"आहे," केबल म्हणाली. "तुमचा सगळा कोर्स मी फोल्डरसारखा जोडून देते. ह्याच कॉम्प्युटरवर."

तिने 'नेटवर्क ड्राइव्ह जोडा' उघडलं, झेड हे अक्षर निवडलं, वेबसाइटने दिलेला लांबलचक पत्ता टाकला, बाईंकडून पासवर्ड टाकून घेतला. पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा खिडकी उघडली. आत अकरा वर्षांचे पिवळे फोल्डर एकाखाली एक उभे होते.

"हे सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आलं?" बाईंनी चष्मा वर केला.

"आलं नाही, दिसतंय. राहतं तिकडे सर्व्हरवरच. पण वापरायचं घरच्यासारखं. चाळीस फोटो एकदम ओढा आणि ह्यात सोडा. फाइल उघडा, दुरुस्त करा, सेव्ह करा, झालं. फक्त काढून टाकताना जपा. इथून गेलं की कायमचं गेलं."

"आणि ते दिसू द्यायचं बटण? ते प्रत्येक वेळी दाबायचंच का?"

"तेही काढते. टाकलं की दिसलं."

केबलने वेबसाइटच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण केली. दोन सेकंदांचं काम.

बाई खूश झाल्या. वर्षभर त्या झेडचं कौतुक करत हिंडत होत्या. कॉम्प्युटरला हात लावायला बिचकणाऱ्या बाई आता फोल्डरांत फोल्डर करू लागल्या, जुने फोटो काढून नवे घालू लागल्या. कॉलेजातल्या तरण्या शिक्षकांना म्हणायच्या, "तुम्ही बसा बटणं दाबत. माझं कपाट उघडंच असतं."

दुसऱ्या वर्षी केबलला सात नंबरमधून जरा जास्तच फोन येऊ लागले. एका आठवड्यात बाई तीनदा पासवर्ड विसरल्या. एकदा प्रिंटर चालत नाही म्हणून बोलावलं आणि केबल पोचली तेव्हा, "तू कशाला आलीस?" असं विचारलं. केबल हसली. निवृत्तीला वर्ष उरलंय, बाईंचं मन आता घरी लागलं असेल, असं तिने धरून चाललं. तिला दिवसाला वीस फोन यायचे. कुणाच्या विसरण्याचा हिशेब ती कुठे ठेवणार?

मग वॉर्डातलं ते प्रकरण झालं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींची हॉस्पिटलात ड्यूटी लागली होती. त्यांत एक उंच मुलगी होती. वर्गातल्या पोरी तिला जिराफ म्हणायच्या. तिच्याकडे एक म्हातारा पेशंट होता. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा, साखरेचा आजार जुना, टाचेला न भरणारी जखम. जखम धुवायचं औषध पाण्यात मिसळून घ्यायचं असतं. जिराफने ड्यूटीवर जाण्याआधी मोबाइलवर बाईंचा तक्ता उघडून बघितला आणि तसं मिसळलं. एक भाग औषध, दहा भाग पाणी. असायला हवं होतं शंभर.

म्हाताऱ्याच्या पायाला संवेदनाच राहिली नव्हती, त्यामुळे तो ओरडलाही नाही. उलट, "पोरीचा हात हलका आहे," म्हणून शेजारच्या खाटेवाल्याला सांगत राहिला. दोन दिवस, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने पट्टी सोडली, तर टाचेभोवतीची कातडी पांढरी पडून सुटत होती.

प्राचार्यांनी जिराफला समोर उभं केलं.

"बाईंच्या फाइलमध्ये दहाच लिहिलं होतं, सर."

प्राचार्यांनी तिच्यादेखत फाइल उघडली. शंभर. स्पष्ट, ठळक.

"खोटं बोलतेस, आणि वर बाईंवर ढकलतेस? ज्या बाईंनी निम्मं हॉस्पिटल शिकवून तयार केलं?"

जिराफने स्क्रीनवरचा आकडा दोनदा वाचला. तिला घरी पाठवलं गेलं. शुक्रवारी समिती बसणार आणि नाव काढून टाकणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

"त्या फाइलचा प्रिंट काढून दे," प्राचार्यांनी केबलला सांगितलं. "तारखेसकट. पुरावा म्हणून लावायचाय."

केबल प्रिंट काढायला बसली आणि तारखेपाशी थबकली. अकरा वर्षांपूर्वीचा तक्ता, पण शेवटचा बदल होता ह्याच सोमवारचा. तिने सर्व्हरची नोंद उघडली. दहा दिवसांत ती फाइल चार वेळा उघडून सेव्ह झाली होती. चारही वेळा बाईंच्या नावाने, सात नंबरच्या खोलीतून. दर रविवारी सर्व्हरची एक प्रत वेगळी ठेवली जायची, त्या प्रती तिने काढल्या. दोन रविवारांपूर्वी शंभर. गेल्या रविवारी दहा. आणि आता पुन्हा शंभर.

बाईंनी आणखी काय काय बदललंय ते बघायला तिने पूर्ण फोल्डर चाळायला घेतला, तेव्हा 'पट्ट्या' आणि 'मोजमापं' यांच्या मध्ये तिला एक नवा फोल्डर दिसला. नाव होतं 'माझं'. आत एकतीस छोट्या फाइली.

'सकाळी आल्यावर. खोली सात. चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात. पहिलं वर्ष जिना चढून डावीकडे.'

'काल दुसऱ्या वर्षाला तोच धडा दोनदा शिकवला का? कुणाला विचारू?'

'वायरवाल्या मुलीला केबल म्हणतात. ती चांगली आहे. तिला सारखं बोलवायचं नाही.'

'घरात उंच चष्मेवाली बाई आहे ती नणंद. तीस वर्षं सोबत आहे. तू इथे का राहतेस असं तिला विचारायचं नाही. काल विचारलं. ती रडली.'

'हे कुणाला कळता कामा नये. निवृत्तीपर्यंत निभवायचं.'

प्रत्येक फाइलसमोर वेबसाइट एक आकडा दाखवत होती, किती जणींनी उघडली त्याचा. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. एकशे एक. कॉलेजात मुली होत्या एकशे अठरा.

टाकलं की दिसलं. बाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर, आपल्या कपाटात, कडी लावून जे लिहिलं असं त्यांना वाटत होतं, ते पूर्ण कॉलेज कित्येक महिने वाचत होतं. आणि तो चौकोन केबलने स्वतःच्या हाताने भरला होता.

ती त्याच दुपारी जिराफच्या घरी गेली. जिराफ अंगणातल्या पायरीवर बसली होती.

"तुम्हा मुलींना बाईंचं माहीत होतं?" केबलने सरळ विचारलं.

"गेल्या सत्रापासून."

"आणि कुणीच बोललं नाही?"

"काय बोलणार? सांगितलं असतं तर बाईंना काढलं असतं. आम्ही चाळीसेक जणींनी ठरवलं, सांभाळून घ्यायचं. बाई तोच धडा पुन्हा काढायला लागल्या की एकीने उठून पुढच्या धड्यातली शंका विचारायची. मग त्या आपोआप पुढे जायच्या. जिन्यात कुणीतरी सहज बरोबर चालायचं. सगळ्या तशा नव्हत्या. जेवणाच्या हॉलमध्ये काही जणी त्या फाइली मोठ्याने वाचायच्या, बाईंचा आवाज काढून. एकदा मीपण हसले."

"मग तक्त्यात दहा दिसलं तेव्हा शंका नाही आली?"

"आली," जिराफ म्हणाली. "पण बाईंनी लिहिलेलं होतं ना. वर्गात चुकल्या की आम्हाला कळायचं. फाइलमध्ये चुकतील असं वाटलंच नाही. आणि सिस्टरला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तिसऱ्या वर्षाला एवढंही येत नाही?"

"समितीला हे सांग."

"तुम्ही सांगा हवं तर. मी नाही सांगणार. औषध माझ्या हातांनीच मिसळलंय."

बाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दार नणंदेने उघडलं.

"काय गं, आता घरातल्या पण वायरी तपासायला आलीस?" आवाजात नेहमीचा खाष्टपणा होता, पण ती दारातून हलली नाही. "वहिनीला बरं नाहीये."

"वन्सं, येऊ दे तिला," आतून बाई म्हणाल्या.

बाई जेवणाच्या टेबलापाशी मटार सोलत होत्या. त्यांचा चेहरा, बोलणं, सगळं जागच्या जागी होतं. केबलला क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने खुर्ची ओढली आणि वॉर्डातलं सगळं सांगितलं. मग 'माझं' फोल्डरचं सांगितलं.

"ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते कोण बघणार?"

"बाई, ते झेडमध्ये आहे."

"हं. झेडमध्ये." त्यांची बोटं शेंगेवर थांबली. "झेड म्हणजे पोरींचं."

"हो."

"त्यांना दिसत होतं?"

"टाकलं की दिसत होतं. मीच तसं करून ठेवलं होतं. तुम्हाला नीट सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."

"सगळं दिसत होतं? वन्संबद्दलचं पण?"

"माझ्याबद्दलचं काय?" नणंदेने दारातून विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

बाई रडतील, ओरडतील, हाकलून देतील, कशाचीही केबलने तयारी ठेवली होती. बाईंनी मटारांचं भांडं बाजूला सारलं आणि विचारलं, "टाच कशी आहे?"

"कुणाची?"

"त्या पेशंटची, अजून कुणाची? कातडी किती सुटलीय? खालचा भाग लाल आहे की काळा? वास येतोय का?"

"मला नाही माहीत, बाई."

"मग तू काय बघून आलीस?" त्या कडाडल्या. वर्गात पट्टी सोडतानाचा तोच आवाज. मग तो आवाज एकदम खाली आला. "कागद दे. उद्या मला प्राचार्यांकडे घेऊन चल. पण उद्यापर्यंत माझ्या लक्षात राहील याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहिते."

अर्ध्या पानाचं पत्र झालं. बाईंनी सही केली, घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. नणंद तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकापाशी आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून. केबलला बघून हसल्या.

"आज पहिला तास कुठल्या वर्षाला गं?"

"आज तास नाही, बाई. प्राचार्यांकडे जायचंय. पत्र आहे पर्समध्ये."

"कसलं पत्र?"

प्राचार्यांनी त्यांना आदराने बसवलं, पाणी मागवलं. बाईंनी पर्समधून कागद काढला आणि दुसऱ्या कुणाचा अर्ज वाचून दाखवावा तसा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "जखम धुवायच्या औषधाच्या तक्त्यातला आकडा मी बदलला. केव्हा आणि का, हे मला आठवत नाही. विद्यार्थिनीने माझं लिहिलेलं पाळलं. दोष तिचा नाही. गेले आठ-नऊ महिने माझी स्मरणशक्ती..."

तिथे त्या थांबल्या. खालची सही बघितली. पुन्हा वरून वाचलं, ह्या वेळी मनातल्या मनात. प्राचार्यांनी मान खाली घातली. केबलला उठून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

"पुढचं तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवला.

जिराफला कॉलेजात परत घेतलं गेलं. समितीच्या कागदावर 'तांत्रिक कारणाने झालेली चूक' असं लिहिलं गेलं. केबलने त्या चौकोनाबद्दल एक निवेदन लिहून दिलं. प्राचार्यांनी ते वाचलं, "तुझी काय चूक ह्यात?" म्हणाले आणि खणात टाकलं. केबलला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. तेही नाही झालं.

पाट्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्याचा पाय महिन्याभराने गुडघ्याखालून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, तो पाय तसाही वाचणार नव्हता. असेल. जिराफला ते पटलं नाही. ती परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि हॉस्पिटलाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला लागली. तिने परत पेशंटला हात लावला नाही.

पत्र दिलं त्या दिवशी बाई घरी गेल्या, त्या पुन्हा कॉलेजात आल्या नाहीत. त्याच दुपारी प्राचार्यांचा निरोप आला की 'माझं' फोल्डर संध्याकाळच्या आत पुसून टाकायचा, रविवारच्या प्रतींमधूनसुद्धा, बाईंच्या अब्रूसाठी. केबल सात नंबरच्या खोलीत बसली. आधी रविवारच्या प्रती साफ केल्या, मग एकतीस फाइली निवडल्या. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? तिने हो म्हटलं. मग झेडवर क्लिक करून जोडणी तोडली. स्क्रीनवरून एक ओळ कमी झाली. पुढच्या सत्रात नवीन शिक्षिका आली. तिने तक्ते नव्याने केले, फोटो तेच ठेवले आणि त्यांच्या कोपऱ्यातलं बाईंचं नाव कापून टाकलं.

त्यानंतर बाई वीस महिने जगल्या. केबल सुरुवातीला जायची. एकदा बाईंनी तिला नवीन कामवाली समजून भांडी दाखवली, तिने ती घासलीसुद्धा. पुढे जाणं कमी झालं. कामाचं निमित्त सांगायची, कुणी विचारलं तर. कुणी विचारत नव्हतं. अंत्ययात्रेला सहा मुली आल्या होत्या, जिराफ त्यांत होती. हसणाऱ्यांपैकीही एक होती.

बाई गेल्यावर दीड महिन्याने नणंद कॉलेजात आली. कपाटात सापडलेला बाईंचा पांढरा कोट परत करायचा होता. तो टेबलावर ठेवून ती केबलसमोरच्या खुर्चीत बसली. आधी तिने खोलीतल्या धुळीला नावं ठेवली.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, कुणी सांगितलं नाहीत," मग ती म्हणाली. "तिने माझ्याबद्दल काय लिहिलं होतं? मला बघायचंय."

"ते पुसलं, मावशी."

"कुणी?"

"मी."

फाइल गेली होती, पण केबलला अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिने ते म्हणून दाखवलं. उंच चष्मेवाली बाई ती नणंद. तीस वर्षं सोबत आहे. तू इथे का राहतेस असं विचारायचं नाही. काल विचारलं. ती रडली.

"बत्तीस," नणंद म्हणाली. "बत्तीस वर्षं. तिचं गणित आधीपासूनच कच्चं." मग म्हणाली, "आणि मी काही रडले नव्हते. कांदा चिरत होते."

तिने कोटाची घडी उगाच पुन्हा सारखी केली, टेबलाला धरून उठली आणि जिना कुठे आहे ते विचारलं. केबल तिला खालच्या पायरीपर्यंत पोचवायला गेली. वर येईपर्यंत प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचे दोन निरोप येऊन पडले होते.